सिडनीचा फनेल-वेब कोळी नेमका राहतो कुठे?

हॉर्न्सबीकर

नोव्हेंबर उजाडला की इथल्या मराठी ग्रुपवर फोटो यायला लागतात. बाथरूमच्या फरशीवर, गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीत एखादा काळा कोळी, आणि खाली एकच प्रश्न: "हा तोच का?" बहुतेक वेळा तो 'तो' नसतो, पण उत्तर येईपर्यंत बिचाऱ्याचा चपलेखाली चेंदामेंदा झालेला असतो. उलट ज्यांच्या बागेत तो खरोखर आहे त्यांना पत्ताच नसतो, आणि ती मंडळी उघड्या हातांनी दगड उचलत असतात. दोन्ही गोष्टींनी मला अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून हा धागा काढतोय. विषाबद्दल सगळे बोलतात. मला बोलायचंय ते त्याच्या राहण्याबद्दल, कारण घाबरायचं कुठे आणि निर्धास्त राहायचं कुठे हे त्यावरूनच कळतं.

शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस. १८७७ साली ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्लिश पाद्री-अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. त्याचा प्रदेश वर्षानुवर्षं एकाच वाक्यात सांगितला जात आलाय: सिडनीपासून साधारण १६० किलोमीटरच्या आत, उत्तरेला न्यूकॅसल, दक्षिणेला इलावारा, पश्चिमेला ब्लू माउंटन्स ओलांडून लिथगोपर्यंत. वाक्य सोपं आहे, पण ते वाचून नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की या वर्तुळातलं प्रत्येक अंगण धोक्याचं. तसं अजिबात नाही. या कोळ्याला लागते ओल. त्याच्या अंगातलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जातं, म्हणून तो जमिनीत गार, दमट, सावलीची जागा धरून राहतो: मोठ्या दगडाखाली, कुजत पडलेल्या ओंडक्याखाली, दाट झुडपांच्या मुळाशी. बागेत विचाराल तर दगड रचून केलेली रॉकरी त्याची सगळ्यात आवडती. मोकळ्या, उन्हात तापणाऱ्या लॉनवर त्याचं बीळ क्वचितच दिसतं.

आमच्या घरामागचा उतार दक्षिणेला तोंड करून आहे. इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो, त्यामुळे दक्षिणेचा उतार कायम सावलीत. तिथे निलगिरीच्या पाचोळ्यात, सँडस्टोनच्या एका दगडाला लागून एका मादीचं घर आहे. नुसतं बघितलं तर काही दिसत नाही. सकाळी लवकर, पाचोळा ओला असताना खाली बसून तिरक्या नजरेने पाहिलं की दगडाच्या कडेपासून निघालेले पांढरट धागे दिसतात. पानांवरून, काटक्यांवरून ते वेडेवाकडे पसरलेले असतात, त्यांना जाळ्याचा आकार वगैरे काही नाही. ते जिथे एकत्र येतात तिथे बिळाचं तोंड, आतून रेशमाचं अस्तर लावलेलं, जमिनीत खोवलेल्या मोज्यासारखं. कधी कधी तोंडं दोन असतात आणि आत जाऊन मिळतात. रात्री ती तोंडाशी येऊन पुढचे पाय धाग्यांवर टेकवून बसते. झुरळ, भुंगेरा, गोम, गोगलगाय, कुणाचाही पाय धाग्याला लागला की झडप, आणि शिकार आत.

हे धागे ही सगळ्यात भरवशाची खूण. कोळी दिसण्याची वाट बघू नका, आधी धागे ओळखायला शिका.

मृण्मयी_वेंटवर्थव्हिल

अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही नागपूरहून येऊन फार दिवस झाले नाहीत, आणि शेजारच्यांनी पहिल्याच आठवड्यात या कोळ्याची धास्ती घातली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात मळकट पांढरं जाळं आहे आणि त्यात मधोमध नळीसारखं भोक. आत काळा कोळी आहे. जाळं तर फनेलसारखंच दिसतंय! मुलगी लहान आहे, तिथेच खाली खेळते. हा तोच का? (हो, मीही तोच प्रश्न विचारतेय.)

हॉर्न्सबीकर

मृण्मयीताई, निवांत राहा. खिडकीच्या चौकटीत, भिंतीच्या फटीत, कुंपणावर असं केसाळ-लोकरी जाळं करणारा तो ब्लॅक हाउस स्पायडर, बॅडुम्ना इन्सिग्निस. रंग काळा, जाळ्याला नळी, म्हणून सर्वाधिक घोटाळा याच्याबाबत होतो. आपला फनेल-वेब जमिनीतला प्राणी आहे, खिडकीच्या उंचीवर घर करून राहत नाही.

जागेवरून बरंच ओळखता येतं. भिंतीवर पंजाएवढा, चपटा, लांब पायांचा दिसला तर हंट्समन. अंगणातल्या खुर्चीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, कोरड्या अडगळीत पाठीवर लाल पट्टा असलेला असेल तर रेडबॅक. त्याच्यापासून मात्र जपा. रेडबॅकला कोरडं लागतं, फनेल-वेबला ओलं. जमिनीत बीळ आहे पण भोवती धागे पसरलेले नाहीत आणि कोळी तपकिरी, जाडगेला, केसाळ आहे तर तो बहुधा ट्रॅपडोअर. फनेल-वेबचं डोकं-छाती तुकतुकीत, पॉलिश केल्यासारखी असते, केस जवळजवळ नाहीतच.

शिवाय तुम्ही राहता तो पश्चिमेचा भाग सपाट, तुलनेने कोरडा, चिकणमातीचा. बंदराच्या उत्तरेकडची उंचावरची उपनगरं, म्हणजे वरूंगा, टरामरा, हॉर्न्सबी, पेनंट हिल्स, तिथे पाऊस जास्त, झाडी दाट, ओढ्यांच्या घळी. हा त्याचा खरा मुलूख. तुमच्याकडे तो येणारच नाही असं मी म्हणणार नाही, पण लॉनवर खेळणाऱ्या मुलीला घरात कोंडून ठेवायचं काही कारण नाही.

गडगा

मी सावंतवाडीचा. ऑस्ट्रेलिया बघितलेला नाही, पण वाचताना आमच्याकडचीच गोष्ट चाललीय असं वाटलं. आमच्याकडे जांभ्या मातीच्या दरडीत, रस्ता काढताना कापलेल्या कडेला, जुन्या गडग्यांच्या पायथ्याशी टॅरंट्युला असतात. थ्रिग्मोपियस आणि किलोब्रॅकिस या दोन्ही वंशांतले कोळी सह्याद्रीच्या या पट्ट्यात आहेत. बिळाला रेशमाचं अस्तर, तोंडाशी पाचोळा विणून घेतलेला. पावसात टॉर्च मारून पाहिलं की तोंडाशी पुढचे पाय दिसतात, पाऊल वाजलं की गडप. दरड कोसळली किंवा जेसीबीने कड तासली की पूर्ण वसाहत जाते आणि नव्या कापावर पुन्हा कोळी दिसायला वर्षं लागतात.

माझा प्रश्न असा: साधे कोळी वाऱ्यावर धागा सोडून कुठल्या कुठे जातात. तुमचा हा कोळी तसं करतो का? की आमच्यासारखाच जागेला चिकटून?

निशाचर

गडगादादा, तुमच्या प्रश्नातच या कोळ्याच्या नकाशाचं उत्तर आहे. मी मेलबर्नला जीवशास्त्र शिकतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचे टॅरंट्युला आणि हा फनेल-वेब, दोन्ही मायगॅलोमॉर्फ या जुन्या गटातले. दोघांचे विषदात समांतर, खाली रोखलेले, त्यामुळे दंश करताना दोघांनाही पुढचं अंग उचलावं लागतं. माद्या बरीच वर्षं जगतात. आणि हो, चिकटून राहणारेच. पिल्लं आईच्या बिळात काही महिने काढतात आणि मग चालत जाऊन जवळपासच स्वतःचं बीळ करतात, म्हणून एका दगडी बांधात बरीच बिळं दाटीने सापडतात. मादी शक्यतो जागा सोडत नाही. फिरतो तो फक्त प्रौढ नर, तोही मादीच्या शोधात, पायी, रात्री.

आता असा प्राणी नदी कशी ओलांडणार? कोरडं पठार मध्ये आलं तर? नाहीच ओलांडत. लाखो वर्षं अशी गेली की अलीकडची आणि पलीकडची वस्ती वेगळी होत जाते. बाहेरून दोन्ही काळेच दिसतात, पण आनुवंशिक अंतर वाढत राहतं.

नेमकं हेच जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं. जर्मनीतली लायबनिट्स संस्था, सिडनीचं ऑस्ट्रेलियन म्युझियम आणि फ्लिंडर्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी एकत्र काम केलं. स्टेफनी लोरिया, डॅनिलो हार्म्स, हेलेन स्मिथ, ब्रुनो बुझाटो ही त्यातली काही नावं. शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासल्यावर त्यांना दिसलं की आपण ज्याला एक जात म्हणत होतो त्या तीन आहेत. मूळ अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस, जिचं मुख्य ठाणं सिडनीचा नॉर्थ शोअर आणि सेंट्रल कोस्ट. दुसरी अ‍ॅट्रॅक्स मॉन्टॅनस, ब्लू माउंटन्स आणि सिडनीच्या दक्षिण-पश्चिमेची. हिचं वर्णन रेनबो या कोळी-अभ्यासकाने १९१४ मध्येच केलं होतं, पण मधल्या काळात ती रोबस्टसमध्येच धरली जात होती, तिला आता पुन्हा स्वतंत्र स्थान मिळालं. तिसरी पूर्ण नवी, अ‍ॅट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी, फक्त न्यूकॅसलच्या आसपासच्या छोट्या टापूत.

म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला जे १६० किलोमीटरचं वर्तुळ आलंय ते खरं तर तीन जातींचं एकत्र क्षेत्रफळ होतं. मला हे शोधकाम फार मोलाचं वाटतं. सिडनी हे पन्नास लाखांहून जास्त वस्तीचं शहर, हा देशातला सगळ्यात कुप्रसिद्ध कोळी, आणि तरी त्याच्या तीन जाती आहेत हे कळायला २०२५ उजाडावं लागलं. मग तुमच्या दरडींमध्ये काय काय दडलं असेल, विचार करा.

गडगा

धन्यवाद निशाचर. म्हणूनच रस्ता रुंदीकरणाआधी या कडा कुणीतरी बघाव्यात असं आम्ही ओरडून सांगत असतो. जंगल तोडलं तर निदान दिसतं, दरड तासली तर त्यात कोण राहत होतं हे कुणाच्या गावीही नसतं. मुंबईतल्या आरेमधून हेटरोफ्रिक्टस आरेएन्सिस ही टॅरंट्युलाची नवी जात २०१४ साली नोंदवली गेली, एवढ्या गजबजलेल्या शहरात.

नेहा_न्यूकॅसल

आमच्या गावचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. :)

हो, क्रिस्टेन्सेनी आमच्याकडचा. इथे लोक त्याला 'न्यूकॅसल बिग बॉय' म्हणतात. नाव केन क्रिस्टेन्सन यांच्यावरून दिलंय. न्यूकॅसलकडचे हे कोळी जरा जास्तच मोठे आहेत हे त्यांनीच संशोधकांच्या नजरेला आणून दिलं. ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्ककडे (प्रतिविषासाठी कोळी गोळा करणारं प्राणिसंग्रहालय) लोकांनी आणून दिलेले मोठमोठे नर याच भागातले. २०२४ चा 'हर्क्युलिस' पायांसकट ७.९ सेंटिमीटर भरला होता, आणि २०२५ चा 'हेम्सवर्थ' ९.२.

आमच्या घरामागे झुडपांचा जंगली पट्टा आहे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस धुवाधार पाऊस पडून गेला की रात्री नर बाहेर पडतात हे आता आमच्या अंगवळणी पडलंय. त्या दिवसांत व्हरांड्यात बूट ठेवत नाही, वाळत घातलेले कपडे झटकून घेतो, जमिनीवर पडलेला टॉवेल तसाच उचलत नाही. बाकी वर्षभर याची आठवणही येत नाही. सवय एवढीच.

मुसाफिर

आमच्या पूलच्या तळाशी एक मेलेला सापडला. जाळीने काढून कडेला टाकला आणि थोड्या वेळाने तो चालायला लागला!

हॉर्न्सबीकर

मुसाफिर, हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. फिरता नर पूलमध्ये पडतो, बाहेर येता येत नाही, तळाशी जातो. पण पोटावरच्या बारीक केसांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि त्यावर तो चोवीस तासांहून जास्त तग धरू शकतो. पूलमधला कोळी मेलेला समजून हाताने उचलू नका, मुलांना तर आवर्जून सांगा.

आणि पेस्ट कंट्रोलबद्दल. मला निरोपांतून दोघा-तिघांनी विचारलंय. अख्ख्या बागेत विष फवारून घेण्याच्या मी विरोधात आहे. खोल बिळात बसलेल्या मादीपर्यंत फवारा पोचत नाही, बागेतले बाकीचे उपयोगी जीव मात्र मरतात. त्यापेक्षा घराच्या भिंतीला टेकून रचलेले दगड, लाकडाच्या ओंडक्यांचा ढीग, ओला पाचोळा दूर हलवा, दारांखालच्या फटी बुजवा. घराला लागून कोरडी मोकळी पट्टी राहिली की त्याला तिथे मुक्काम करायचं कारणच उरत नाही. मादीला तिच्या उतारावर राहू द्या, ती तुमच्याकडे येत नाही.

शुश्रूषा

मी इथे इमर्जन्सी विभागात नर्स आहे, म्हणून तेवढंच लिहिते. हा कोळी चावल्याची शंका जरी असली तरी वाट बघायची नाही. लगेच ००० (इथला आपत्कालीन क्रमांक), ॲम्ब्युलन्स. हातापायाला चावला असेल तर दंशाच्या जागेपासून सुरू करून पूर्ण हात किंवा पाय रुंद इलॅस्टिक बँडेजने घट्ट गुंडाळायचा, मुरगळल्यावर बांधतो तितका घट्ट. फळी किंवा काठी लावून तो अवयव हलू द्यायचा नाही. माणसाला चालवायचं नाही. पट्टी दवाखान्यात पोचण्याआधी सोडायची नाही. विष लसिकावाहिन्यांमधून पुढे सरकतं, दाब आणि स्थिरता यांनी ते अडतं. चिरा देणं, चोखणं, दोरीने आवळून बांधणं, गावाकडचं यातलं काहीही करू नका.

लक्षणं झपाट्याने येऊ शकतात: ओठांभोवती मुंग्या, जीभ फडफडणं, घाम आणि लाळ सुटणं, रक्तदाब वाढणं, धाप. मुलांमध्ये आणखी लवकर.

आणि दिलासा. १९२७ ते १९८० या काळात या कोळ्यामुळे १३ मृत्यू नोंदले गेले. १९८१ मध्ये स्ट्रुअन सदरलंड यांच्या चमूने मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये प्रतिविष तयार केलं. त्यानंतर एकही मृत्यू नाही. आताच्या तिन्ही जातींना तेच प्रतिविष चालतं.

परळकर

शुश्रूषाताई, प्रतिविषाचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या परळच्या हाफकिनमध्ये सापाच्या विषाची लस घोड्यांवर तयार करतात हे लहानपणापासून ऐकतोय. इथेही घोडेच का?

शुश्रूषा

नाही, ससे. आणि यामागे या विषाची एक गंमतशीर बाजू आहे. ससा, मांजर, कुत्रा यांना या विषाची बाधा फार कमी होते. माणूस आणि माकडं मात्र यात सापडतात. सशाला थोडं थोडं विष देत जातात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, तीच शुद्ध करून वापरतात.

निशाचर

यात राहण्या-फिरण्याचा धागा आहेच. सगळे नोंदलेले मृत्यू नराच्या दंशाने झालेले आहेत. नराचं विष माणसासाठी मादीपेक्षा कितीतरी जहाल. मादी बिळात सुरक्षित, तिला मुख्यतः किडे मारायचे असतात. नराला उघड्यावर हिंडायचं असतं, वाटेत पक्षी, सरडे, छोटे सस्तन प्राणी यांच्याशी गाठ. त्यामुळे कणा असलेल्या शत्रूला वेदना देणारं विष नरात बळावलं असावं असं संशोधक मानतात. ऑस्ट्रेलियात माणूस पोचण्याआधी माकडांच्या कुळातला एकही प्राणी नव्हता, म्हणजे आपल्यावर होणारा जीवघेणा परिणाम हा निव्वळ योगायोग. मला हे वाचल्यापासून त्या नराचा राग येत नाही.

मृण्मयी_वेंटवर्थव्हिल

किती नवीन कळलं! खिडकीतला कोळी आता तिथेच राहू देतेय, लेकीने त्याचं नाव 'काळू' ठेवलंय. एक शेवटचा प्रश्न. आमचा पुढेमागे पेनंट हिल्सकडे घर बघायचा विचार आहे. तिथे समजा खरंच सापडला, तर मारायचा नाही हे पटलं, पण करायचं काय?

नेहा_न्यूकॅसल

पकडून द्यायचा. प्रतिविषासाठी लागणारं विष सोमर्सबीच्या रेप्टाइल पार्कमध्येच काढतात. कोळ्याला जरा डिवचलं की तो मागच्या पायांवर उभा राहतो, दातांच्या टोकावर विषाचा थेंब येतो, आणि काचेच्या बारीक नळीने तो ओढून घेतात. एका बाटलीभर औषधासाठी असे कित्येक कोळी लागतात. लोक आणून देतात म्हणूनच ते चालतं.

रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची बरणी घ्या. ती कोळ्यासमोर आडवी ठेवा आणि लांब पट्टीने किंवा चमच्याने त्याला हळूच आत ढकला. बोटं लांब ठेवा. तो गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही, त्यामुळे बरणी उभी केली की आतच राहतो. झाकणाला हवेसाठी बारीक भोकं पाडा. आत ओलसर माती किंवा ओला कापूस ठेवायला विसरू नका, नाहीतर तो वाळून मरतो. काही रुग्णालयांत आणि इतर ठिकाणी ते स्वीकारतात, यादी पार्कच्या संकेतस्थळावर असते. हे मोठ्या माणसांनीच करायचं, आणि भीती वाटत असेल तर करायचंच नाही, दार लावून घ्या आणि जाणकाराला बोलवा.

हॉर्न्सबीकर

नेहाताईंनी लिहिलंय त्यात माझी एक भर. बरणीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, उपनगर, आणि नेमका कुठे सापडला. गॅरेजमध्ये, पूलमध्ये, रॉकरीत, ओंडक्याखाली. आधीचे दोन दिवस पाऊस होता का तेही लिहा. तीन जातींच्या सीमा नक्की कुठून कुठे जातात हे अजून बारकाईने आखायचं आहे, आणि त्यासाठी जागेची नोंद असलेला प्रत्येक कोळी कामाचा.

पेनंट हिल्सला घर बघायला जाल तेव्हा मागची बाजू कुठल्या दिशेला उतरते ते पाहा, आणि सकाळी जा. तिथे दगडी बांध असेल तर मला कळवा, मी बघायला येईन.

मृण्मयी_वेंटवर्थव्हिल

नक्की. आणि धाग्याची लिंक आमच्या ग्रुपवर टाकतेय, परवाच पुन्हा एक फोटो आलाय.